दोन एलचा शब्द

नंदन बर्फाला भीत नव्हता, बॉसला भीत नव्हता, उणे पंचवीसमध्ये पहाटे गाडी काढायलाही भीत नव्हता. तो भीत होता राजनला, आणि राजन तर त्याचा जिवलग मित्र. गेलं वर्षभर नंदनचं राजनच्या धाकट्या बहिणीशी, रेम्याशी, जमलं होतं आणि राजनला त्याचा पत्ताच नव्हता.

सांगायला हवं हे नंदनला कळत होतं. पण कळणं आणि तोंड उघडणं यात फार अंतर असतं. रेम्या म्हणायची, "तू सांग, तुझा मित्र आहे." हा म्हणायचा, "तू सांग, तुझा भाऊ आहे." या तुझ्या-माझ्यात गाडीचे बर्फातले विंटर टायर्स उतरले आणि पुन्हा चढले. दर आठवड्याला भीती थोडी वाढत गेली, कारण आता नुसतं प्रेम कबूल करून भागणार नव्हतं, लपवाछपवीही कबूल करावी लागणार होती. राजन तुटला असता, आणि त्याच्यामागे रेम्याचं सगळं घर.

राजन आणि नंदनची मैत्री एका अक्षरावर जमली होती. ऑफिसात सगळे 'मलयालम' म्हणायचे. नागपूरहून परदेशात आलेल्या नंदनने पहिल्याच दिवशी 'मलयाळम' म्हटलं, तसा केरळचा राजन खुर्चीतून उठलाच. "अरे, तुमको ळ आता है!" नंदन म्हणाला, "हमारे यहाँ ळ के बिना केळं भी नहीं खा सकते." त्या दिवसापासून दोघांचा डबा एक झाला. राजनने त्याला चार महिने स्वतःच्या बेसमेंटमध्ये ठेवून घेतलं, कंबर न मोडता दारातला बर्फ शोव्हल कसा करायचा ते शिकवलं. अशा माणसाच्या पाठीमागे आपण हे करतोय, या विचाराने नंदनला घास गोड लागत नसे.

जानेवारीतल्या एका शनिवारी राजनने त्याला मार्कहॅमला सिनेमाला नेलं. केरळात धो धो चाललेला नवा मल्याळी सिनेमा. हाणामारी, विनोद, दोस्ती, प्रेम, सगळं काही. मल्याळी मंडळींनी दुपारचा अख्खा शो घेतला होता, म्हणून खास मध्यंतरही ठेवलं होतं. राजनचे दोन मामेभाऊ आले होते. दोघेही जिमवाले, दारातून जरा तिरपे होऊन आत शिरणारे.

सिनेमा सुरू झाला आणि दहाव्या मिनिटाला नंदनला घाम फुटला. पडद्यावर दोन जिवलग मित्र होते आणि त्यातला एक दुसऱ्याच्या बहिणीच्या प्रेमात पडला होता. चोरून. नंदनने हळूच राजनकडे पाहिलं. राजन पोट धरून हसत होता. मध्यंतराच्या जरा आधी त्या भावाला सगळं कळलं. त्याने नारळ सोलायचा कोयता उचलला, धार बघितली आणि आपल्या मामाला थंडपणे विचारलं, "कोल्लाम?" खाली इंग्रजीत अक्षरं उमटली: मारून टाकूया का? हॉल शिट्ट्यांनी दणाणला. नंदनच्या कानात तो शब्द लख्ख शिरला, त्यातल्या 'ल'सकट.

मध्यंतरात राजनने आपला फोन त्याच्या हातात दिला. "इसमें टिकट है, संभालो," म्हणाला आणि भावांबरोबर वॉशरूमला गेला. फोन थरथरला. नंदनला दुसऱ्याचं वाचायची सवय नव्हती, पण स्वतःचाच फोटो समोर आल्यावर कोण डोळे मिटेल? घरच्यांच्या ग्रुपवर त्याचा ओणमचा फोटो होता, मुंडू, म्हणजे त्यांची पांढरी लुंगी, नेसलेला. बाजूला उभी असलेली रेम्या कापून टाकली होती, नुसता तिचा खांदा उरला होता. खाली राजनच्या मामांनी इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: Nandan kollam. त्याखाली मामेभावाने: Kollam kollam.

खरोखर कोणी जीव घेणार नाही, एवढी अक्कल त्याला होती. पण यांना कळलंय, हे नक्की. म्हणून तर हा सिनेमा, म्हणून तर हे दोन पैलवान. त्याने रेम्याला तीन मेसेज केले. ती ड्युटीवर होती, हॉस्पिटलात, फोन लॉकरमध्ये.

उत्तरार्धात मामेभाऊ त्याच्या दोन्ही बाजूंना बसले. एकाने पॉपकॉर्नचा डबा पुढे केला. "खाओ ना, ब्रो." बकऱ्यालाही आधी हिरवा चाराच घालतात, असं नंदनच्या मनात आलं. घ्यावं तर घशाखाली उतरेना, न घ्यावं तर त्याला राग यायचा. त्याने एकेक दाणा चघळत तास काढला. पुढे पडद्यावर काय झालं ते त्याला आजतागायत माहीत नाही.

बाहेर पडल्यावर राजन म्हणाला, "तुम मेरे साथ बैठो."

"मी... मैं बस पकड़ लेता हूँ. मेरे घर, नॉर्थ यॉर्क, सीधी जाती है."

"नहीं, नहीं. घर चलो. अम्मा को तुमसे बात करना है."

मामेभावांचा ट्रक मागे लागला. आरशातून ट्रकचे दिवे हटत नव्हते. दुतर्फा बर्फाचे ढीग, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मार खायचा तर आधी बोलून तरी खाऊ, असं त्याला वाटलं, आणि वर्षभर अडकलेलं सगळं एका दमात बाहेर आलं.

"राजन, मैं और रेम्या. एक साल से. आय लव्ह हर. तुझे मारना है तो मार, पण... लेकिन उसको कुछ मत बोल."

राजनने इंडिकेटर दिला, एका ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये गाडी घेतली आणि थांबवली.

"क्या एक साल से?"

"तुझे पता है ना. मामा का मेसेज देखा मैंने. नंदन कोल्लाम."

राजन त्याच्याकडे वळला. मग हळू आवाजात, एकेक अक्षर सोडवत म्हणाला, "कोळ्ळाम. ळ. मतलब अच्छा है. मामा ने बोला, नंदन अच्छा लड़का है."

इंग्रजीच्या दोन एलमध्ये ळ कुठे आणि ल कुठे, कोण सांगणार? ज्या अक्षरावर नंदन मिरवायचा, त्यानेच त्याला तोंडघशी पाडलं होतं.

"तो फिर फोटो क्यों भेजा?"

"रेम्या के रिश्ते के लिए," राजन म्हणाला. "मैंने भेजा. अम्मा आज तुमसे पूछने वाली थी. तीन वीक से मैं रेम्या छोड़के सबको बोल रहा है, मराठी है तो क्या हुआ, आय नो धिस गाय. सीधा है. कुछ छुपाता नहीं."

नंदनला वाटलं, याने एक ठेवून दिली असती तर बरं झालं असतं. राजनचे डोळे भरले होते आणि तो ते लपवतही नव्हता. मामेभावाने येऊन काचेवर टकटक केली. राजनने काच खाली केली, "नथिंग, यू गो," म्हणाला आणि काच वर केली.

"मैं उतर जाता हूँ," नंदन म्हणाला.

"उतरना नहीं. अम्मा ने सुबह से पायसम बनाया है. तुम अंदर जाके पहले एक साल वाला बात बोलेगा. मैं नहीं बोलेगा, और मैं झूठ भी नहीं बोलेगा. उसके बाद अम्मा जो बोले."

"आणि तू?" घाईत मराठीच निघालं, पण राजनला कळलं.

"मुझसे अभी बात मत करो."

उरलेली दहा मिनिटं नंदनने आयुष्यातली सगळ्यात मोठी भीती सोसली. ती माराची नव्हती. शेजारी बसलेला माणूस पुन्हा कधी त्याच्याशी पहिल्यासारखं बोलेल की नाही, याची होती.

अम्मांनी दार उघडलं. नवी साडी नेसल्या होत्या, केस तेल लावून चोपून बसवलेले. राजन बूट काढून आत गेला आणि स्वयंपाकघराच्या दारात पाठ करून उभा राहिला. अम्मा हसून म्हणाल्या, "आओ मोने, आओ बेटा, बैठो."

"अम्मा, बसायच्या आधी मला काहीतरी सांगायचंय," नंदन म्हणाला. त्यांना कळलं नाही. मग त्याने तेच पुन्हा हिंदीत सांगायला सुरुवात केली.