वाचक, वय चौदा

यादी परत आली ती शनिवारी दुपारी. वरच तांबड्या पेनने एक ओळ होती: 'पहिल्या वाचकाचे वय तपासावे. गेली सहा वर्षे ते वाढलेले नाही.'

आमच्या हिने कागद वाचला, घडी घातली, पुन्हा उघडला आणि माझ्यापुढे सरकवला. मी टेबलावर एका लिफ्टच्या दाराचं कुलूप उघडून बसलो होतो, हात ग्रीसने माखलेले. म्हटलं, तूच वाचून दाखव. तर म्हणाली, तुम्हीच वाचा. मग हात पुसले आणि वाचलं. त्यानंतर कुलपातला कुठला तुकडा कुठे बसवायचा, ते काही केल्या आठवेना. तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय मी, ते कुलूप एरवी बोलता बोलता जुळवतो.

प्रकरण काय ते आधी सांगतो. आमची ही शाळेत ग्रंथपाल आहे. गावातल्या सगळ्या शाळांच्या ग्रंथालयांसाठी दर वर्षी नव्या पुस्तकांची शिफारस यादी निघते, वीस पुस्तकं लहान मुलांसाठी आणि वीस जरा मोठ्यांसाठी, म्हणजे ज्यांना मिसरूड फुटायला लागलंय किंवा ज्या आरशासमोरून हलत नाहीत त्यांच्यासाठी. समितीने हे काम चौदा वर्षांपूर्वी हिच्या गळ्यात घातलं. हिने ते आनंदाने घालून घेतलं, पण एक अट घातली. एखाद्या मुलाने शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय कुठलंही पुस्तक यादीत जाणार नाही, आणि त्याचं मत त्याच्याच शब्दांत, जसंच्या तसं, पुस्तकापुढे छापायचं. नाव नको, नुसतं वय. समितीतल्या मोठ्या माणसांनी नाकं मुरडली, पण फुकटात राबणारं दुसरं कुणी मिळेना, म्हणून मान्य केलं.

प्रत्येक पुस्तकापुढे दोन मतं असायची. दुसरं शाळेतल्या कुणाचं तरी, आणि पहिलं आमच्या लेकीचं, ठकूचं.

पहिली यादी निघाली तेव्हा ठकू सात वर्षांची होती. एका चिठ्ठीवर तिने लिहिलं होतं, 'कोल्हा चांगला आहे. ससा उगाच आहे.' नवव्या वर्षी एका जाडजूड बोधकथांच्या पुस्तकावर लिहिलं, 'शेवटी सगळे शहाणे होतात. मी झाले नाही.' बाराव्या वर्षी, 'आई-बाबांनी वाचू नये, रडतील. मुलांना काही होणार नाही.' माझी मुलगी म्हणून सांगत नाही, पण कार्टी फटकळ होती. लेखकांची पत्रं यायची समितीकडे, हा कोण वाचक म्हणून. जुने सचिव ती पत्रं आम्हाला वाचून दाखवायचे आणि पोट धरून हसायचे.

मी स्वतः पुस्तकवाला माणूस नाही. वायरिंगचा नकाशा सोडून मी आयुष्यात काही शेवटपर्यंत वाचलेलं नाही, आणि त्यावर मायलेकींनी मला भरपूर छळलं आहे. माझं काम फळीचं. घरात भोकाभोकांच्या पट्ट्यांवर नटबोल्टने बसवलेली लोखंडी मांडणी आहे, तिची वरची फळी यादीच्या पुस्तकांची. दर वाढदिवसाला ठकू तिथे पाठ टेकून उभी राहायची, टाचा उंचावून हात वर करायची, आणि बोटांची टोकं पोचतील तिथे मी फळी चढवायची. ही म्हणायची, अहो, हाताशी ठेवा ना, लेकरू कशाला ताणतंय. तर ठकू म्हणायची, सहज हाताला येतं ते वाचावंसं वाटत नाही. चौदाव्या वाढदिवसाला ती आईच्या बरोबरीला आली. त्यानंतर फळी हलली नाही.

त्याच वर्षी तिला रक्ताचा आजार झाला आणि आठ महिन्यांत ती गेली.

दवाखान्यातही ही पुस्तकं घेऊन जायची. मी चिडायचो, पोरीला विश्रांती घेऊ दे म्हणायचो. पण पोरगीच मागायची. उजव्या हाताला सलाइन, म्हणून डाव्या हाताने चिठ्ठ्या लिहायची, अक्षर पार वाकडंतिकडं. शेवटच्या चिठ्ठीवर होतं, 'बरं आहे. शेवट मात्र घाईत उरकलाय.' ती यादी वेळेवर निघाली. चाळीस पुस्तकं, वाचक, वय चौदा.

पुढच्या वर्षी मला वाटलं, ही काम सोडेल. सोडलं नाही. शाळेतून आली की स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्यानेच वाचायची, आणि मग टेबलावर बसून चिठ्ठी लिहायची. मी एकदा पाणी प्यायला आत गेलो आणि पाहिलं. 'वाचक, वय १४' लिहून ही पेन हातात धरून बसली होती, ओठ हलत होते. ठकू काय म्हणाली असती ते ऐकत होती. मी पाणी न पिताच बाहेर आलो. ही चोरी आहे का, खोटेपणा आहे का, ते शहाण्यांनी ठरवावं. मी काही बोललो नाही. जुन्या सचिवांना सगळं माहीत होतं, ते तर ठकूला पोचवायला आले होते. ते दर वर्षी यादी वाचायचे, चष्मा पुसायचे आणि सही करायचे. यंदा ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी नवीन बाई आल्या, कामाला चोख. त्यांनी जुन्या याद्या काढून ताडून पाहिल्या असणार. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

पण ते मत गेलं की ठकू गेली. म्हणजे गेलीच आहे, मला काय कळत नाही का? पण वर्षातून एकदा ती चाळीस ओळी बोलायची, त्या छापून यायच्या, शाळाशाळांत ग्रंथालयाच्या दाराशी लागायच्या, कुणीतरी पोरं त्या वाचून खिदळायची. आमच्याकडे तेवढंच उरलं होतं.

सोमवारी भेटायला बोलावलं होतं. मी रजा टाकली. वाटेत ही म्हणाली, मी खरं काय ते सांगणार आहे. म्हटलं, सांग. त्या माफी मागायला लावतील, म्हणाली. म्हटलं, मागू. मग समितीच्या इमारतीची लिफ्ट आली. तिसऱ्या मजल्यावर ती मजल्याच्या चांगली चार बोटं खाली थांबली, आणि बाहेर पडताना ही ठेचकाळली. मी हिचा दंड धरला. एरवी मी तिथल्या तिथे कुणाला तरी चार शब्द सुनावले असते.

नवीन सचिव म्हणजे पंचवीस-सव्वीसची मुलगी निघाली. मला वाटलं होतं, कुणी जाडजूड चष्म्याची, करड्या आवाजाची बाई असेल. तिने उठून खुर्च्या दिल्या, चहा सांगितला. टेबलावर चौदाच्या चौदा याद्या ओळीने लावून ठेवल्या होत्या, आणि जागोजागी खुणेचे कागद.

ती म्हणाली, रागावू नका, मी लाल पेनने लिहिलं, सवय आहे. मग सांगायला लागली, की ती शाळेत होती तेव्हा ही यादी ग्रंथालयाबाहेर लागायची आणि सगळ्या मुली आधी पहिलं मत वाचायच्या. कुणीतरी चिमुरडी आहे आणि मोठमोठ्या लेखकांची खोड मोडतेय, याची केवढी गंमत वाटायची. त्या चिठ्ठ्यांच्या नादाने आपण वाचायला लागलो, म्हणाली. 'ससा उगाच आहे' तिला पाठ होतं. अजून घरात कुणी जास्त मध्ये मध्ये केलं की ती तेच म्हणते.

हिने पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

"अलीकडे मात्र जरा मऊ झालीये हो ती," सचिव पानं उलटत म्हणाली. "आधी कसली झोडपायची. आता सगळ्यांना सांभाळून घेते. मोठी झाली ना, म्हणून असेल. मला खरंच भेटायचंय तिला. किती वर्षांची आहे आता?"

आता ही सांगेल, म्हणून मी खुर्चीत सरळ बसलो. चहाचा कप होता, तो हिने बशीत नीट मध्यभागी ठेवला.

"वीस," ही म्हणाली.

माझ्या कानात काहीतरी गच्च बसल्यासारखं झालं. सचिवला वावगं काहीच वाटलं नाही. ती हसली, म्हणाली, वाटलंच मला, जुन्याच यादीवर नवी टाइप करताना वय बदलायचं राहून जातं, आमच्याकडे तर अशा हजार चुका. मग विचारलं, काय करते ती सध्या.

हिने सांगितलं. दुसऱ्या गावी असते, शिकते. वसतिगृहात राहते, तिथलं जेवण आवडत नाही. केस होते कमरेपर्यंत, ते कापून टाकलेत. "मला विचारलंसुद्धा नाही," ही म्हणाली, आणि हिच्या आवाजात खरोखरचा राग होता. मी ऐकत होतो. सहा वर्षांत मला पोरगी दिसली नव्हती, ती त्या खोलीत दिसायला लागली, आखूड केसांची, आईशी वाद घालणारी. आणि मग मीच बोललो. का बोललो ते मला आजही सांगता येणार नाही.

"फोन करत नाही," मी म्हणालो. "केलाच तर अर्धं मिनिट. जेवले, ठीक आहे, ठेवते."

हिने माझ्याकडे पाहिलं. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर पाहिलं होतं, त्यानंतर असं कधी पाहिलं नव्हतं.

"मीपण अशीच होते," सचिव म्हणाली. "आई रडकुंडीला यायची." मग जरा अवघडून म्हणाली, की नियम सोळा वर्षांपर्यंतचा आहे. मोठ्या मुलीचं मत मुलांच्या यादीत धरता येणार नाही. यंदाची पहिली मतं काढावी लागतील, दुसरं कुणी वाचणारं मूल बघावं लागेल. चालेल ना?

ही म्हणाली, चालेल. शाळेत आहेत मुलं, वाचतात. आठ दिवसांत देते.

सचिवने पट्टी घेतली आणि एकेक मत खोडायला लागली. चाळीस ओळी. चोख काम, कुठे रेघ वाकडी नाही. ही एकेका रेघेकडे बघत होती आणि मी हिच्याकडे. खाली सचिवने शेरा लिहिला, मोठ्याने वाचून दाखवला, बरोबर आहे ना म्हणून विचारलं. 'पहिला वाचक मोठा झाल्याने यादीतून कमी केला.' ही म्हणाली, बरोबर आहे.

निघताना ती मुलगी धावत दारापर्यंत आली. हातात एक पुस्तक होतं, तिचं स्वतःचं, कोपरे दुमडलेलं. म्हणाली, हे मोठ्यांचं आहे, आता तिला चालेल. माझ्याकडून द्या. आणि कसं वाटलं ते कळवायला सांगा, यादीसाठी नको, मला.

बसमध्ये हिने पुस्तक मांडीवर धरलं होतं. मग मी म्हणालो, खरं सांगणार होतीस ना.

"तिने विचारलं, किती वर्षांची आहे," ही म्हणाली. "सहा वर्षांत कुणी असं विचारलं नव्हतं हो. माझ्याच्याने 'ती नाही' असं म्हणवेना." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि मी तरी किती दिवस तिला चौदाचीच ठेवू?"

आणि मग ही रडली. बस भरलेली होती. मी खिडकीच्या बाजूला बसलो होतो, तो उठून हिला खिडकीशी बसवलं आणि लोकांच्या बाजूने मी बसलो. मीही रडलो, पण मला ते नीट जमत नाही.

घरी आल्यावर हिने खाकी कागद काढून पुस्तकाला कव्हर घातलं. यादीचं पुस्तक असो की नसो, कव्हर घातल्याशिवाय हिच्या हातून पुस्तक सुटत नाही. मग ते घेऊन मांडणीपाशी गेली आणि उभीच राहिली. टाचा उंचावल्या की वरची फळी हिच्या हाताला येत होती.

मी पान्हा आणि तेलाची कुपी घेऊन आलो. म्हटलं, किती वाढली असेल?

हिने विचार केला. कापड बेतताना करते तसा नीट, खाली-वर बघून.

"उंचीने माझ्या आईवर गेली होती," ही म्हणाली. "चार बोटं धरा."

बोल्ट गंजून घट्ट झाले होते. तेल सोडून थांबावं लागलं, तोवर ही फळी खालून धरून उभी होती. चारही बोल्ट निघाले. दोन भोकं वर, चार बोटं, फळी बसवली, हाताने दाबून पाहिली, डुगडुगत नव्हती.

हिने पुस्तक घेतलं, टाचा उंचावल्या, हात ताणला. हिचा हात पोचला नाही. मी ते हिच्या हातून घेतलं आणि वर ठेवलं.