तोन्बोची खिडकी

“ऐकलंत? पुन्हा वाजली,” नेमोतो-सान म्हणाल्या.

सुलेखाने हातातली खुर्ची खाली ठेवली. घंटेचा आवाज छतातून आला होता, एकदाच, दुकानात गिऱ्हाईक शिरल्यावर वाजावी तसा. बाहेरच्या गाड्यांच्या वाटेवर डांबराखाली एक तार पुरलेली होती. तिच्यावरून गाडी गेली की घंटा वाजायची.

“अंत्यविधी तर उद्या आहे. आज कोण येणार?”

“तेच तर! मी खिडकीपाशी जाईपर्यंत वाट रिकामी असते. नेहमी दुपारी, आणि नेहमी अंत्यविधी नसेल त्या दिवशी. तुम्ही तेव्हा आपल्या कंपनीच्या शहरातल्या हॉलवर असता, म्हणून तुम्हाला माहीत नाही.” नेमोतो-सान साठीला आलेल्या, याच कामात मुरलेल्या. मृतांची त्यांना भीती नव्हती. “मेल्यावर इथे यावं, माझी हरकत नाही. पण बर्गर खायला यायला लागले, तर माझ्याकडे तवा नाही.”

त्या हसल्या, पण खिडकीकडे गेल्या नाहीत. सुलेखा जाऊन बघून आली. वाट रिकामी होती.

जपानमधल्या त्सुकुबाहून त्सुचिउराकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ही इमारत मुळात ‘तोन्बो बर्गर’ची. तोन्बो म्हणजे चतुर. एके काळी या भागात गावोगावी या कंपनीची दुकानं होती आणि प्रत्येक दुकानाला चतुराच्या पंखांसारखं चार पात्यांचं नारिंगी छप्पर होतं. कंपनी बुडाली, दुकानं पाडली गेली. ही इमारत वाचली, कारण एका अंत्यविधी कंपनीला घरगुती, लहान अंत्यविधींसाठी जागा हवी होती. छप्पर राखाडी रंगवलं गेलं आणि काचांना आतून पांढरे पडदे लागले. उंच खांबावरची पाटी पूर्वीसारखीच फिरत राहिली. चतुराच्या जागी आता मृताचं आडनाव असे. गाडीतून ऑर्डर घेण्याची खिडकीही ठेवली होती. ज्यांना पायी चालवत नाही अशी माणसं वाटेवरच्या खांबातल्या माइकमध्ये आपलं नाव सांगत, गाडी पुढे घेत आणि काचेतून हात काढून चिमूटभर धूप वाहत. रविवारी जुन्या इमारतींचे फोटो काढणारे येत. ते छपराकडे कॅमेरे रोखत आणि काळ्या कपड्यांतलं कुणी दिसलं की वाकून माफी मागत.

सुलेखा इथे कामाला लागली तेव्हा तिच्या नवऱ्याला, चंद्रहासला, गंमत वाटली होती. “आपल्या तोन्बोत?” असं तो म्हणाला होता. त्यांची मुलगी यामिनी लहान असताना दर शनिवारी तिघं इथे यायची. चंद्रहास माइकशी बोलायचा, सुलेखा शेजारी बसायची, यामिनी मागे.

सकाळीच यामिनीचा फोन आला होता. ती आता टोकियोत, तोयोसुला नोकरी करत होती.

“आई, किल्ली घेतलीस?”

“घेते गं.”

“यू प्रॉमिस्ड! डॉक्टरांनी क्लिअरली सांगितलंय, बाबांनी ड्राइव्ह करायचं नाही. तुझं आपलं नुसतं दाइजोबु, दाइजोबु. ठीक नाहीये काहीच. कुणाला उडवलं तर?”

“कुठे जातात ते? घरीच तर असतात.”

“तू घरी असतेस का बघायला?”

सुलेखाने एकदा किल्ली लपवली होती. चंद्रहासने दिवसभर घर उलथंपालथं केलं, तांदळाच्या डब्यातही हात घालून पाहिलं. शेवटी थकून बसला आणि म्हणाला, “अगं, माझी वस्तू हवी असेल तर माग. चोरतेस कशाला?” तिने किल्ली पुन्हा खिळ्याला अडकवली. मागायचं मात्र तिला जमलं नाही. त्याच्या आठवणीतून त्याचं संशोधन गेलं होतं, माणसांची नावं जात होती. गाडी तेवढी राहिली होती. परवा सायकल लावताना तिचा हात गाडीच्या बॉनेटला लागला, तर ते गरम होतं. उन्हाने तापलं असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. त्या दिवशी ऊन नव्हतं.

“माइक तपासून घ्या उद्यासाठी,” नेमोतो-सान आतून म्हणाल्या.

सुलेखाने खिडकीजवळचं बटण दाबलं. भिंतीतल्या स्पीकरमधून रस्त्याची घरघर आत आली.

घंटा वाजली.

नेमोतो-सान हातात पांढऱ्या शेवंत्या घेऊन दारात थिजल्या. स्पीकरमध्ये आधी इंजिनाचा आवाज आला, मग काच खाली सरकल्याचा. मग एक पुरुष सावकाश, अदबीने जपानीत बोलू लागला.

“नमस्कार. मघाशी कुणी बोललं नाही, म्हणून फिरून आलो. दोन फिश बर्गर. एक चीज बर्गर, कांद्याशिवाय.”

नेमोतो-साननी शेवंत्या छातीशी धरल्या. त्यांनी सुलेखाकडे पाहिलं. सुलेखाचा हात अजून बटणावरच होता.

“मुलीला कांदा आवडत नाही,” आवाज म्हणाला. “ऐकू येतंय ना?”

शेजारच्या सीटवर बसून ऐकलेली वाक्यं सुलेखाला पाठ होती.

“ऐकू येतंय,” तिने जपानीत उत्तर दिलं. “दोन फिश बर्गर, एक चीज बर्गर, कांद्याशिवाय. कृपया गाडी पुढच्या खिडकीपाशी घ्या.”

रुपेरी गाडी वळणावरून पुढे आली आणि खिडकीला अगदी समांतर थांबली. चंद्रहासने खिडकीतल्या काळ्या सूटमधल्या बाईकडे पाहिलं आणि ओळख नसलेल्या माणसाला करतात तशी मान लववली. त्याने स्वच्छ शर्ट घातला होता, शनिवारी घालायचा तसा. धुपाचं पात्र त्याच्या हाताजवळ होतं. त्याने त्याचा वास घेतला, पण काही विचारलं नाही.

मागची सीट रिकामी होती. तिच्यावरून पट्टा ओढून नीट अडकवलेला होता.

सुलेखाने खिडकीची कड धरली. ‘अहो’ म्हणावं, हाताला धरून उतरवावं, असं तिला वाटलं. त्याच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांत न दिसलेला निवांतपणा होता. तिने फळीवरून क्रमांकाची पांढरी पाटी उचलली. इथे अंत्यविधीला आलेल्या गाड्यांना ती देत असत.

“थोडा वेळ लागेल. कृपया एक नंबरच्या जागेत थांबा. मी बाहेर येते.”

“हो, हो.”

त्याने गाडी वळवली, आरशात पाहत मागे घेतली आणि पुसट रेषांच्या मधोमध सरळ लावली. सुलेखा बाहेर गेली. पाटी तिने काचेतून पुढे ठेवली आणि वाकली.

“इथून मोठी गाडी निघायची असते. आपली गाडी हलवावी लागली तर म्हणून, किल्ली मला द्याल का?”

मोठ्या गाडीबद्दलचं ते वाक्य या हॉलमधलं होतं. शववाहिकेला वाट मोकळी हवी असली, की ती लोकांना हेच सांगायची.

चंद्रहासने क्षणभर विचार केला. मग इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. तिनेही दोन्ही हातांनी घेतली.

“उशीर होतोय, माफ करा,” ती म्हणाली.

“छे, घाई नाही.” त्याने मागे वळून पट्टा ओढून पाहिला, घट्ट आहे ना म्हणून. “आम्ही थांबतो.”