पोटगीच्या कागदांत आलेली घरघंटी

मित्रांनो, माझं तोंड डोक्यावर आहे आणि पोट पायाशी. वरून धान्य टाकायचं, खालच्या डब्यातून पीठ काढायचं आणि मधल्या वेळात माझी घरघर ऐकून घ्यायची. बोरीवलीतल्या शुभाताईंची मी जुनी घरघंटी. माझा गुलाबी सनमायका कोपऱ्यांना उचकटलाय, एक चाक तुटलंय, पण मोटर अजून ठणठणीत आहे. लहान तोंडी मोठा घास घेऊ नये म्हणतात. तो घेतला की माझी तर मोटरच जळते, म्हणून मी जे स्वतः ऐकलं तेवढंच सांगणार आहे.

माझा जन्म राजकोटकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. प्लायवूडची पेटी, आत लोखंडी पाती आणि जाड-बारीक पिठासाठी निरनिराळ्या जाळ्या. कारागिराने मूठभर बाजरी टाकून मला पहिल्यांदा चालू केलं तेव्हा मी इतकी थरथरले, की त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मग ट्रकात बसून मी मुंबईला आले.

दिवाळीच्या पाडव्याला देवदत्तांनी मला घरी आणलं. देवदत्त म्हणजे शुभाताईंचे यजमान. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते आणि तो ताटात ओवाळणी घालतो, हे तुम्हाला माहीत आहेच. मी काही ताटात मावणारी नव्हे, म्हणून त्यांनी माझं बिल घातलं. त्याच महिन्यात डॉक्टरांनी त्यांना साखर वाढल्याचं सांगून ज्वारी-नाचणी खायला लावली होती. म्हणजे ओवाळणी बायकोची आणि भाकरी नवऱ्याची. शुभाताई मात्र मनापासून खूश झाल्या. त्यांनी मला हळदीकुंकू लावलं.

शुभाताई पूर्वी अंधेरीच्या एका ऑफिसात हिशेबाचं काम बघत. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा ‘थोडे दिवस’ म्हणून त्यांनी नोकरी सोडली. ते थोडे दिवस वर्षानुवर्षं चालले. सासूबाई गेल्या तोवर नोकरीवर परत घेणारं कोणी उरलं नव्हतं. मग त्यांनी शेजारणींची दळणं घ्यायला सुरुवात केली. थालीपिठाची भाजणी, उपासाचं पीठ, दिवाळीत चकलीची भाजणी. शेजारीण पर्स उघडायची आणि शुभाताई म्हणायच्या, “राहू द्या हो, घरचंच तर आहे.” दर दहा डब्यांमागे सहांचे पैसे असेच राहायचे. मी मात्र सगळ्यांसाठी सारखीच राबायची.

पुढे देवदत्तांचं ऑफिस पवईला गेलं, मग देवदत्तही पवईला गेले, आणि तिथे त्यांच्या आयुष्यात दुसरं कोणीतरी आलं. त्या घरात भांडण असं मी कधी ऐकलंच नाही. देवदत्त ठरवायचे आणि शुभाताई ‘बरं’ म्हणायच्या. घटस्फोटालाही त्या ‘बरं’च म्हणाल्या. फ्लॅट देवदत्तांच्या नावावर होता, तो विकला गेला. शुभाताईंनी त्याच सोसायटीत तळमजल्यावरची एक खोली भाड्याने घेतली. पायऱ्या उतरवताना माझं चाक तुटलं ते तेव्हाच. घटस्फोट झाला, पण पोटगी किती द्यायची हा प्रश्न कोर्टाने मागे ठेवला होता. तोवर शुभाताई मोडलेल्या ठेवीवर दिवस काढत होत्या. ती संपली, की मुलुंडला भावाकडे जाऊन हॉलमध्ये गादी घालायची, एवढीच वाट उरली होती. भाऊ देवेश चांगला माणूस. पण त्याच्या बायकोने फोनवर “किती दिवसांसाठी?” असं विचारलेलं मी ऐकलंय.

आता माझ्या कौतुकाची गोष्ट सांगते, कारण खरी वाट तिथेच लागली.

सोसायटीतल्या महिला मंडळाच्या अध्यक्षा शर्मिष्ठाताई. मनाने लोण्यासारख्या, पण हातात माईक आला की कोणाच्या बापाचं ऐकायच्या नाहीत. शुभाला जरा उभारी यावी म्हणून त्यांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवात तिचा सत्कार ठेवला. गेटवर फ्लेक्स लागला, ‘यशस्वी उद्योजिका’. मला हातगाडीवरून अंगणात नेलं, झेंडूची माळ घातली. शर्मिष्ठाताई माईकवर म्हणाल्या, “ह्या घरघंटीवर आज आपली शुभा महिन्याला पन्नास हजारांची उलाढाल करते.” टाळ्या पडल्या. त्यातल्या निम्म्या बायकांनी मला कधी एक रुपया दिला नव्हता. शुभाताईंनी आकडा दुरुस्त केला नाही. शाल अंगावर असताना कोण आकडा दुरुस्त करतं? आणि खरं सांगू का मित्रांनो, त्या दिवशी त्या ताठ मानेने उभ्या होत्या. मला त्यांचा राग येत नाही.

फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. त्या ग्रुपमधून देवदत्तांना काढायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

दोन महिन्यांनी शुभाताईंच्या वकील ऋता कागद घेऊन खोलीवर आल्या. देवदत्तांनी कोर्टात उत्तर दिलं होतं. सोबत माझा फोटो होता, माळेसकट. खाली लिहिलं होतं, की पाडव्याला मीच हिला व्यवसाय काढून दिला, ती आता स्वतःच्या पायावर उभी आहे, तिला पोटगीची गरज नाही.

“व्यवसाय?” शुभाताई माझ्याकडे बघत म्हणाल्या. “अगं, ही भाकरीसाठी आणली होती.”

“ते मला कळतं, शुभाताई. कोर्टाला कसं कळणार?” ऋता म्हणाल्या. “पोटगीचा काही ठरलेला रेट नसतो. दोघांनीही कमाई, मालमत्ता, खर्च, कर्ज, सगळं शपथेवर लिहून द्यायचं. मग कोर्ट बघतं, लग्न किती वर्षं टिकलं, घरात राहणीमान काय होतं, बायकोने नोकरी कोणासाठी सोडली, आता ह्या वयात तिला काय मिळेल, नवऱ्याला किती झेपेल. तुमची केस चांगली आहे ना. फक्त हा फोटो नडतोय.”

“मग मी काय करू?”

“शर्मिष्ठाताईंना लिहून द्यायला सांगा, की आकडा त्यांनी असाच ठोकून दिला. आणि जजबाई तुम्हाला थेट विचारतील, तेव्हा तुम्ही सांगायचं, माझं यात भागत नाही. बस, एवढंच.”

शर्मिष्ठाताईंना निरोप गेला. आल्या त्या फणकाऱ्यातच.

“म्हणजे मी खोटं बोलले असं सहीनिशी लिहू? बिल्डिंगमध्ये तोंड दाखवायला जागा राहील का मला?”

“नका लिहू, ताई,” शुभाताई लगेच म्हणाल्या. “राहू द्या. बघू काय होतं ते.”

शर्मिष्ठाताई दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. माझ्यावर त्यांचाच भाजणीचा डबा ठेवलेला होता. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

“शुभा, तू माझ्याकडून कधी पैसे घेतलेस गं?”

शुभाताईंनी डबा उचलून बाजूला ठेवला.

“पेन दे,” शर्मिष्ठाताई म्हणाल्या, आणि माझ्याच झाकणावर कागद ठेवून त्यांनी लिहायला घेतलं. माईक नसताना त्यांचा आवाज किती बारीक आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

राहिलं ते शुभाताईंचं वाक्य. रोज दुपारी त्या माझ्यासमोर उभ्या राहून सराव करायच्या. “माझं यात...” इथवर यायच्या आणि अडकायच्या. मध्येच हात पुसायच्या, जाळी झटकायच्या. ज्या बाईने जन्मभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘बरं चाललंय’ सांगितलं, तिला हे तीन-चार शब्द उच्चारता येत नव्हते. माझ्या घशात काही अडकलं तर जाळी काढून साफ करतात. माणसांची ती सोय नाही. मला त्यांची फार कीव यायची.

सुनावणीच्या दिवशी त्या वांद्र्याच्या कोर्टातून परतल्या तेव्हा शर्मिष्ठाताई दारातच वाट बघत होत्या.

“काय झालं? बोललीस ना?”

शुभाताई खुर्चीवर बसल्या. पाणी प्यायल्या.

“जजबाईंनी विचारलं, तुमचं दळणाचं काम कसं चाललंय? देवदत्त समोरच होते, ताई. इस्त्रीचा शर्ट, अगदी निवांत. त्यांच्यासमोर भिकारणीसारखं कसं बोलायचं? मी म्हटलं, बरं चाललंय.”

“झालं. वाट लावलीस,” शर्मिष्ठाताईंनी कपाळाला हात लावला.

“ऋताने डोळे मिटले. त्यांचा वकील तर लगेच लिहायला लागला. पण जजबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, बरं म्हणजे? घरभाडं निघतं का त्यातून?”

“मग?”

“मी म्हटलं, नाही.”

शर्मिष्ठाताईंचा कपाळावरचा हात खाली आला. शुभाताईंनी हातातला रिकामा पेला खाली ठेवला.

“अठरा वर्षं संसार केला, ताई. त्यांच्या तोंडावर मी ‘नाही’ म्हटलं ते आज पहिल्यांदा.”

आणि मग त्या रडल्या. घर सोडतानाही रडल्या नव्हत्या, पण त्या दिवशी मोठ्याने रडल्या.

निकाल लागला आहे. पाडव्याच्या भेटीला व्यवसाय म्हणता येणार नाही आणि दळणाची कमाई म्हणजे चार घास वरचे, त्याने नवऱ्याची जबाबदारी संपत नाही, असं कोर्टाने म्हटलं. देवदत्तांनी पवईच्या घराचं कर्ज पुढे केलं होतं. नव्या संसाराचं कर्ज दाखवून जुन्या बायकोचा हक्क मागे ढकलता येत नाही, असंही सांगितलं. पण बाई शिकलेल्या आहेत, काही हातपाय हलवतील, हे धरून रक्कम मागितली त्याहून बरीच कमी केली. त्यात भाडं निघेल, औषधपाणी निघेल की नाही कोण जाणे. देवदत्त वर अपील करणार असं ऐकते. पैसे अजून आलेले नाहीत. देवेशचा फोन मात्र दोनदा येऊन गेला. शुभाताई मुलुंडला जायला ‘बरं’ म्हणाल्या नाहीत, एवढं खरं.

मित्रांनो, मला वेळेवर झटका, जाळीत ओलं धान्य टाकू नका, हे तर कोणतीही घरघंटी सांगेल. मला दुसरंच सांगायचंय. तुमच्या इमारतीत, तुमच्या वर्गात, कदाचित तुमच्याच घरात कोणीतरी ‘बरं चाललंय’ म्हणत असेल. ते ऐकून आपण मान हलवतो आणि पुढे जातो. शुभाताईंना पहिल्यांदा विचारणारे पुष्कळ होते, सगळी सोसायटी होती. दुसऱ्यांदा विचारलं ते एका परक्या बाईने, आणि तेही कोर्टात. तेवढी वेळ कोणावर येऊ देऊ नका. जरा थांबा, आणि पुन्हा विचारा.