पटावरची नऊ मुलं

प्यो जोंगइमच्या पटावर पस्तीस मुलं होती आणि त्यांतली नऊ नव्हतीच. म्हणजे मुलं धडधाकट होती, कोरियातल्या मासान शहराच्या त्याच इमारतींमध्ये टीव्ही बघत लोळत होती. फक्त शिकणं सोडून बसली होती. साथ आली आणि आयांनी दारं लावून घेतली. घरोघर जाऊन सरावपुस्तिका शिकवणारी बाई म्हणजे घरोघर साथ वाटणारी बाई, असं एकीने तर इंटरकॉमवरून सरळ ऐकवलं. तेव्हापासून जोंगइम पुस्तिका पिशवीत घालून दाराच्या मुठीला अडकवायची आणि फोनवरून शिकवायची. नऊ जणांनी तेही बंद केलं.

आता मूल शिकवणी सोडून गेलं की कंपनीच्या शाखेत कळवायचं, इतकी साधी गोष्ट. पण या धंद्यात साधं वागून कोणाचं भागलंय? महिनाअखेरीला शाखाप्रमुख ग्वाक साहेब एकेकीला उभं करून विचारायचे, किती गेली. जिची गेली तिची सगळ्यांदेखत हजामत. शिवाय पट घसरला की उरलेल्या मुलांवरचं कमिशनही खाली यायचं. म्हणून बायका गेलेल्या मुलाची फी मुलाच्याच नावाने स्वतःच्या खिशातून भरायच्या आणि त्याला पटावर ठेवायच्या. त्यातलं निम्मंही कमिशनमधून परत येत नसे, पण महिन्या-दोन महिन्यांत नवं मूल मिळायचं आणि भोक बुजायचं. जोंगइम वीस वर्षं हेच करत आली होती. 'भरा' असं साहेबांनी कधीच म्हटलं नाही. ते फक्त म्हणायचे, जरा सांभाळून घ्या.

साथीत नवं मूल आणायचं कुठून? जोंगइम आपली भरत राहिली, पोटाला चिमटा घेऊन भरत राहिली. मग खोलीचं भाडं थकलं आणि घरमालकीण ते डिपॉझिटमधून वळतं करून घेऊ लागली. जूनमध्ये डिपॉझिट संपणार, की खोली खाली करायची, असं तिने गोड आवाजात सांगूनही टाकलं. मग गावाकडे भावाच्या घरी जायचं आणि दोन घास खाताना वहिनीच्या कपाळावरच्या आठ्या मोजायच्या. मासान सुटलं की जी खरी मुलं उरली होती तीही सुटली. पन्नाशी उलटलेल्या बाईला नव्याने काम कोण देतो?

अशात सरकारने मदत जाहीर केली. कागदावर जे कोणाचेच नोकर नसतात, अशा कामकऱ्यांनाही पंधरा लाख वॉन. तेवढ्यात थकलेलं भाडं फिटून खोली वर्षभर तरी टिकली असती. अट एकच, साथीच्या महिन्यांत कमाई चौथ्या हिश्श्याने घटलेली दिसली पाहिजे. शाखेतली सोनमी, जी कामचुकार म्हणून कायम बोलणी खायची, तिची निम्मी मुलं गेली होती. तिने ती धडाधड कळवली, सगळ्यांसमोर शिव्या खाल्ल्या आणि घरी जाऊन झोपली. तिचे पैसे जमासुद्धा झाले. जोंगइमला आनंद झाला म्हणावं तर ते खोटं ठरेल. तिचा नुसता जळफळाट झाला.

जोंगइमने अर्ज केला त्या रोजगार केंद्रातला कारकून तसा भला माणूस होता. काचेपलीकडून त्याने तिची कमाईची पत्रकं दोनदा वाचली आणि मास्कच्या आतून, अभिनंदन करावं तशा सुरात, म्हणाला, "मॅडम, तुमची कमाई घटलेलीच नाही."

जोंगइमने पासबुक पुढे केलं, बोट ठेवून नऊ मुलांच्या फीची एकेक नोंद दाखवली. त्याला सगळं कळलं, हेच तिला जास्त लागलं. तो म्हणाला की ही फी तिने आपखुशीने केलेला खर्च आहे, कमाई होती तेवढीच आहे. मात्र ही मुलं शिकतच नव्हती असं शाखेने लिहून दिलं, तर तो अर्ज पुन्हा वर पाठवेल.

बसमध्ये तिने साहेबांना काय काय सुनवायचं ते मनात जुळवलं. वीस वर्षांचं साठलेलं होतं, शब्दांना तोटा नव्हता. शाखेत साहेबांनी तिला बसायला सांगितलं, कॉफीची लांबट पुडी गरम पाण्यात रिकामी केली आणि त्याच पुडीने ढवळून पेला तिच्यापुढे ठेवला.

"असं कसं लिहून देऊ, बाई? तुम्हाला भरायला सांगितलं कोणी?"

जोंगइमने आठवून पाहिलं. खरंच, कोणी सांगितलं होतं?

"उलट दर जानेवारीत तुम्ही सही करता, खोटी मुलं ठेवणार नाही म्हणून. हे वर कळलं तर तुमचंच काम जाईल. मी आपला काळजीपोटी सांगतो."

ती म्हणाली, मग ती नऊ मुलं आजच्या आज काढते. साहेबांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरला. नऊ एकदम काढली तर शाखेचा आकडा झोपेल, आणि तिचं कमिशनही, हे त्यांनी लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. महिन्याला दोन काढायची. शेवटचं सुटेपर्यंत सप्टेंबर उजाडेल, पण कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही. तोवर बाकीच्यांची फी कोण भरणार, हे ना त्यांनी सांगितलं ना तिने विचारलं.

जूनमध्ये खोली जाणार होती. बसमध्ये जुळवलेलं सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने तोंड उघडलं आणि स्वतःचाच आवाज ऐकला, रोजच्यासारखा, नम्र.

"बरं. या महिन्यात कोणती दोन काढू, साहेब?"

"ते तुम्हीच ठरवा, बाई," साहेब म्हणाले. "मुलं तुमची आहेत."