उभ्या गाडीतली बॅटरी

मी बॅटरी बोलतेय. मोटारसायकलच्या सीटखाली गुपचूप बसते, तीच. सध्या माझा मुक्काम उल्हासनगरच्या एका दुकानामागे, पत्र्याखाली, मोडीत निघालेल्या बॅटऱ्यांच्या ढिगावर आहे. हॉर्नचा घसा बसला, बॅटरी गेली. दिवा मिणमिणला, बॅटरी गेली. माणसं दुसरं कुणाचं नाव घ्यायला तयारच नसतात. मी मोडीत गेले हे खरं आहे, पण कशाने गेले ते तरी ऐकून घ्या.

माझ्या पोटात शिशाच्या पट्ट्या आणि आम्ल. काम म्हटलं तर सोपं. गाडी सुरू होताना अंगातला सगळा जोर लावायचा. मग गाडी पळू लागली की इंजिन आमची भरपाई करतं. ती मिळत राहिली की आम्ही वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही.

मला याच दुकानातून विष्णुपंतांनी नेलं. बदलापूरला बेलवलीत राहणारे, अंबरनाथच्या एका कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले नीटनेटके गृहस्थ. माझ्याआधीच्या दोघी त्यांच्या गाडीत लवकरच गेल्या होत्या.

"गाडी उभी असते काय अंकल?" दुकानातल्या सिंधी शेठने विचारलं. "मग डेली दोन मिनिट स्टार्ट करायची. बॅटरी एकदम फिट राहील."

"रोज करतो," विष्णुपंत म्हणाले.

"मग टेन्शनच नाही," असं म्हणून शेठने मला खोक्यात घातलं.

गाडी त्यांच्या मुलाची, पुष्करची होती. तीन वर्षांपूर्वी कंपनीत काम करता करता त्याच्या छातीत कळ आली आणि तो तिथेच गेला. गाडी कंपनीच्या पार्किंगमध्ये राहिली. विष्णुपंतांनी ती टेम्पोत घालून घरी आणली. कुणी चालवत आणली असती, तर मीटरवरचा किलोमीटरचा आकडा पुढे सरकला असता. पुष्करने सोडला तोच आकडा त्यांना हवा होता. तेव्हापासून त्या गाडीवर कुणी बसलं नाही.

पण रोज सकाळी ते खाली यायचे. गाडीवरचं कव्हर काढून टाकी पुसायचे, आरसे पुसायचे आणि बटण दाबायचे. या नव्या गाड्यांना किक नसते, त्यामुळे सगळा भार माझ्यावर. शिवाय इंजिन लागलं की हेडलाइट आपोआप पेटतो आणि तोही माझ्यातलंच खातो. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून विष्णुपंत कधी रेस द्यायचे नाहीत. दोन मिनिटं गाडी तशीच हळू गुरगुरायची. ते वर स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघून हात करायचे. खिडकीत त्यांची बायको, कुंदाताई, उभ्या असायच्या. त्याही हात करायच्या. मग गाडी बंद. पुष्करही असाच गाडी गरम करत थांबायचा आणि आवाज ऐकून कुंदाताई डबा घेऊन खाली यायच्या. पार्किंगमधल्या बायकांच्या बोलण्यातून हे माझ्या कानावर आलं होतं.

मी खंगत गेले. एका सकाळी विष्णुपंतांनी बटण दाबलं आणि नुसतं कट कट वाजलं. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला माझीच लाज वाटली. जवळच्या गॅरेजमधला कल्पेश आला. "काका, रेग्युलेटर गेलाय, तो बॅटरी चार्जच करत नाही," म्हणत त्याने रेग्युलेटर बदलला. मग वीज बनवणारी कॉइल बदलली. मला चार्ज करून आणलं. थोडे दिवस बरे गेले आणि पुन्हा कट कट.

शेवटी विष्णुपंतांची मुलगी राजसी एका रविवारी आली. ती अंबरनाथच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. येताना वीज मोजायचा मीटर घेऊन आली होती. मला पूर्ण चार्ज करून बसवलं आणि तिने तपासायला सुरुवात केली. गाडी बंद असताना वीज कुठे गळते का पाहिलं. कुठेही नाही. गाडी सुरू करून रेस दिली, तर तिचा मीटर चौदा व्होल्टच्या वर गेला, म्हणजे चार्जिंगही ठणठणीत. रेस सोडली तशी काटकसर सुरू झाली, मला जेमतेम चार थेंब मिळायला लागले.

"बाबा, किती वेळ चालू ठेवता?"

"दोन मिनिटं. पण रोज न चुकता."

राजसीने मीटर बंद केला. बापाला हे कसं सांगावं, हेच तिला कळत नव्हतं. "बाबा, गाडीत काहीच बिघाड नाही. दोन मिनिटांत बॅटरीचं सुरू करताना गेलेलंसुद्धा भरून येत नाही. रोज थोडी थोडी उपाशी राहते ती. त्यापेक्षा गाडी चालवूया ना. मी नेत जाईन, अंबरनाथच्या शिवमंदिरापर्यंत."

विष्णुपंतांनी गाडीच्या मीटरच्या काचेवर हात ठेवला. "आकडा पुढे जाईल गं. तो नको. आणि बंदही ठेवता येणार नाही. तुझ्या आईला हा आवाज लागतो."

कुंदाताई मघापासून जिन्यापाशी उभ्या होत्या. "अहो, मला नाही ऐकवत तो आवाज," त्या म्हणाल्या.

"तूच म्हणालीस ना, आवाज आला की घर भरल्यासारखं वाटतं?"

"म्हणाले होते. तो गेल्यावर तुम्ही अंथरुणातून उठत नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा खाली उतरलात, गाडी सुरू केलीत. तुम्ही उतरत राहावं म्हणून म्हणाले." त्या एक पायरी खाली उतरल्या. "रोज आवाज आला की माझा हात डब्याकडे जातो. आणि डबा काढेपर्यंत गाडी बंद होते."

राजसी मीटरच्या वायरी गुंडाळत बसली.

मग विष्णुपंतांनी विचारलं, "मग मी सकाळी काय करू?"



चार दिवसांनी त्यांनीच मला सोडवलं. पिशवीत घालून इथे आणलं. शेठने सवयीने चिमटे लावून मला तपासलं. "अरे अंकल, ही मेली नाही. व्यवस्थित चार्ज मारतो, घेऊन जा, अजून चालेल."

विष्णुपंतांचा हात माझ्याकडे आला. मला वाटलं, नेतात. तो हात माझ्यावर क्षणभर थांबला, आणि त्यांनी तो मागे घेतला.

"नको," ते म्हणाले. "आता नका उठवू तिला. रोज उठवून उठवून मीच दमवली."

ते गेले. मला त्यांना सांगायचं होतं, की माझा तुमच्यावर राग नाही. इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता. पण आमचं बोलणं कुणाला ऐकू जातं?

लवकरच मला फोडतील, माझं शिसं वितळवतील. ते तुमच्या गाडीत आलं तर कृपा करून मला लांब न्या, पार बारवी धरणाच्या बाजूला न्या. आणि तुमच्या इमारतीत एखादा म्हातारा माणूस उभी गाडी सुरू करून तिच्याशेजारी उभा दिसला, तर गाडीला काय झालंय, हे त्याला इतक्यात विचारू नका. त्याच्याजवळ जाऊन थोडा वेळ थांबा.