दीडशे अंशांवर

चुंबकांच्या कारखान्यात सगळे खूश होते, ती मात्र नुसती बघत उभी होती.

"अगं, बघतेस काय? आजवरची सगळ्यात दमदार बॅच!" चाचणी विभागातला लुकडा लोखंडी पट्टीला चिकटलेलं चुंबक ओढून ओढून घामाघूम झाला होता. "बोटं गेली असती माझी!"

"जाऊ देत. कामाला तरी कधी लावतोस ती?" भट्टीकाका म्हणाले.

हशा पिकला. ती हसली नाही. या बॅचसाठी धातूंची वजनं तिनेच केली होती. लोखंड, बोरॉन आणि निओडिमियम यांनी चुंबकाला ताकद येते, पण सोबत थोडंसं डिस्प्रोसियम घालावंच लागतं. त्याने ओढ जराशी कमी होते, पण चुंबक तापलं तरी ती टिकून राहते. थंड असताना नेहमीपेक्षा जोरात ओढणारं चुंबक म्हणूनच तिला खटकलं.

त्या दिवशी वजनं चालू असतानाच सासूबाईंचा फोन आला होता. तिच्या लेकीचा, छोटीचा, ताप उतरत नव्हता. फोन ठेवून ती परतली, तर एकूण वजन थोडं कमी भरत होतं. निओडिमियमच कमी पडलं असेल असं समजून तिने तेवढे तुकडे वर टाकले. डिस्प्रोसियमचा डबा उघडला होता का? आठवायला जावं, तर छोटीचा लालबुंद चेहराच डोळ्यांपुढे येई.

बाहेर ट्रक भरून झाला होता. माल विजेवर चालणाऱ्या रुग्णवाहिकांच्या मोटरींसाठी होता. चढावर मोटर तापते. आत रुग्ण असतो. आणि तिला नोकरीत कायम करायचं की नाही, हे याच महिन्यात ठरणार होतं. तोंड उघडलं नाही तर तोवर कुणाला पत्ताही लागला नसता.

ती थेट साहेबांपुढे जाऊन उभी राहिली. "ट्रक थांबवा. चुंबकं दीडशे अंशांवर दोन तास ठेवून बघूया."

"पास झालेला माल? गाडीवाला मला शिव्या घालील."

"मला घालू द्या. साहेब, माझ्याकडून डिस्प्रोसियम राहिलंय, असं वाटतंय."

साहेबांनी फाटकावरच्या पहारेकऱ्याला फोन लावून ट्रक अडवायला सांगितला.

ते दोन तास सरता सरेनात. ती ओव्हनच्या काचेसमोरून हलली नाही. काकांनी आणून दिलेला चहा निवून गेला.

चुंबकं थंड झाल्यावर लुकड्याने ती मापली. पुन्हा मापली. आता त्याला काही विनोद सुचत नव्हता. "एक तृतीयांश ताकद गेली."

"वजन कुणी केलं, ते कळलं. वजनाच्या कागदावर दुसरी सही कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"माझी," काका म्हणाले. "काट्यावरचा आकडा बघून सही करायची असते. मी हिचा चेहरा बघून केली. रडवेली झाली होती पोर, म्हटलं आणखी कशाला ताटकळत ठेवा."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बाई, यंदा तुम्हाला कायम करा असं मी वर सांगू शकत नाही."

"कळतंय मला," ती म्हणाली.

"ट्रक रिकामा करा," साहेबांनी हुकूम सोडला.

माणसं यायच्या आतच ती ट्रकपाशी पोचली आणि पहिलं खोकं ओढू लागली. ते जागचं हलेना.

"भरायला चौघं होते," ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "आणि उतरवायला तुम्ही एकट्या?"

"दादा, बोलत काय बसलात? धरा ना ती बाजू!"