ओर्सोलाची जन्मवेळ

फेरारा शहरात बाल्दासारेच्या विद्येचा मोठा दबदबा होता. ग्रहांचं तेज दगडांत, मुळ्यांत, अगदी नावांतसुद्धा उतरतं, आणि ते ओळखणाऱ्याला अशक्य असं काही नाही, असं तो सांगे आणि भलेभले सरदार माना डोलावत. पण त्याची सहा वर्षांची लेक ओर्सोला तापाने फणफणलेली असताना हा विद्वान तिच्या गळ्यात पुष्कराज बांधून, केशराचा धूर करून, सूर्याची स्तोत्रं गात बसला होता. वैद्याचं नाव काढेना. बाल्दासारेची बायको तादेआ काळजीने नुसती जळत होती.

"अहो, बोलवा ना कुणाला तरी! पाणीसुद्धा गिळवत नाहीये पोरीला."

"तिच्या लग्नी गुरू आहे. म्हातारी होऊन मरेल ती."

तो गुरू तिथे तादेआनेच आणवला होता. ओर्सोला जन्मली तेव्हा शनीची होरा चालू होती आणि गुरू उगवायची वाट पाहत नवरा खाली बसला होता. त्याचा हिरमोड होऊ नये म्हणून तिने आणि सुईणीने बाळाला पांघरुणात दडवलं आणि गुरू उगवायच्या वेळेची चर्चची घंटा झाल्यावरच जिन्यातून हाक मारली. एवढीशी लबाडी, तीही मायेपोटी.

"मी खोटं बोलले हो," ती म्हणाली. "ती आधीच झाली होती. गुरू नाहीच तिच्या लग्नी. आता तरी वैद्याला बोलवा!"

बाल्दासारे जागचा हलला नाही.

"ठाऊक आहे. तिचं पहिलं रडणं मी खालून ऐकलं होतं. त्याच दिवशी खरी पत्रिका मांडली. सात वर्षांची नाही व्हायची ती. तू इतकी खुशीत होतीस, कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

"म्हणून वैद्य नको?"

"आकाशात लिहिलेलं कोण पुसणार, तादेआ? उगाच पोरीचे हाल."

ती उघड्या डोक्यानेच रस्त्यावर धावली आणि वैद्याला ओढत घेऊन आली. त्याने ओर्सोलाचं तोंड उघडून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"घशात गळू झालंय. काल फोडलं असतं तर आज अंगणात खेळली असती. आता विष अंगभर गेलंय, बाई."

संध्याकाळी ओर्सोला गेली. बाल्दासारे धाय मोकलून रडला. त्याचंही काळीज फाटलं होतं, ते खोटं नव्हतं. पण रडता रडता त्याने तादेआचा हात धरला आणि म्हणाला, "बघ, माझं गणित बरोबर होतं गं."

तादेआने हात सोडवून घेतला.

"एकदा चुकू द्यायचं होतंत ना हो," ती म्हणाली.